कॅनबेरा: ऑस्ट्रेलियाची राजधानी कशी वसली आणि तिला नाव कसे मिळाले (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती, या प्रश्नावर सामान्यज्ञानाच्या परीक्षेत भलेभले फसतात. उत्तर ठाऊक असणाऱ्यांनाही पुढचा प्रश्न पडतोच: सिडनी आणि मेलबर्नसारखी मोठी शहरे असताना मेंढ्यांच्या कुरणांवर नवे शहर कशासाठी उभारले, आणि त्याला हे नाव कोणी दिले? या विषयावर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

सिडनी किंवा मेलबर्न यांपैकी एखाद्या शहराला राजधानी का केले नाही?

१ जानेवारी १९०१ रोजी सहा ब्रिटिश वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलियाचे संघराज्य स्थापन झाले. त्यांपैकी न्यू साउथ वेल्स ही सर्वांत जुनी वसाहत होती आणि तिची राजधानी सिडनी. तर सोन्याच्या खाणींमुळे भरभराटीला आलेल्या व्हिक्टोरियाची राजधानी मेलबर्न. या दोन शहरांतली चुरस इतकी जुनी आणि इतकी कडवी होती, की एकाला मान दिला असता तर दुसऱ्याने संघराज्यात मनापासून भाग घेतलाच नसता.

मात्र दोन शहरांचे भांडण मिटवण्यासाठी तिसरे शहर काढले, एवढेच सांगितले तर गोष्ट अर्धीच राहते. खरा पेच न्यू साउथ वेल्समध्ये होता. संघराज्याच्या मसुद्यावर १८९८ मध्ये तेथे सार्वमत झाले, तेव्हा बाजूने जास्त मते पडली. पण कायद्याने किमान ८०,००० अनुकूल मतांची अट घातलेली होती आणि तेवढी मते मिळाली नाहीत. त्यानंतर तेथील पंतप्रधान जॉर्ज रीड (त्या काळी प्रत्येक वसाहतीच्या सरकारप्रमुखाला पंतप्रधानच म्हणत) इतर वसाहतींच्या प्रमुखांसमोर मागण्यांची यादी घेऊन बसले. १८९९ च्या आरंभी मेलबर्न येथे झालेल्या त्या बैठकीत जो सौदा ठरला, त्यातले एक कलम राजधानीचे होते: राजधानी न्यू साउथ वेल्समध्येच असेल, पण सिडनीपासून दूर असेल.

शंभर मैलांची अट नेमकी काय आहे?

राज्यघटनेच्या १२५ व्या कलमात तो सौदा जसाच्या तसा उतरला. राजधानीची जागा संसद ठरवील. ती संघराज्याच्या मालकीच्या प्रदेशात असेल. तो प्रदेश न्यू साउथ वेल्स राज्याच्या हद्दीत, पण सिडनीपासून किमान १०० मैलांवर, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरवर असेल. त्याचे क्षेत्रफळ किमान १०० चौरस मैल असेल. आणि नव्या जागी संसद भरेपर्यंत ती मेलबर्नमध्ये भरेल. सिडनीला राज्य मिळाले, मेलबर्नला मुदत मिळाली. ही तात्पुरती मुदत पुढे २६ वर्षे चालली, यावरून मेलबर्नचा पक्ष वाटाघाटीत कच्चा नव्हता असे म्हणायला हरकत नाही.

कॅनबेरा हे सिडनी आणि मेलबर्न यांच्या बरोबर मध्यावर आहे का?

नाही. ते सिडनीच्या पुष्कळ जवळ आहे. रस्त्याने सिडनी सुमारे २८० किलोमीटर, तर मेलबर्न सुमारे ६६० किलोमीटर पडते. मध्यबिंदूची अट घटनेत कोठेही नव्हती.

मग जागा ठरायला इतकी वर्षे का लागली?

कारण प्रत्येक गावाला राजधानी हवी होती आणि प्रत्येक खासदाराला ती आपल्या मतदारसंघात हवी होती. न्यू साउथ वेल्सच्या सरकारने १८९९ मध्येच अलेक्झांडर ऑलिव्हर यांची चौकशी आयुक्त म्हणून नेमणूक केली होती. त्यांनी गावोगावी जाऊन साक्षी घेतल्या आणि १९०० मध्ये अहवाल दिला. त्यात दक्षिणेकडील बॉम्बाला परिसराला झुकते माप होते, तर ऑरेंज आणि यास या गावांचाही विचार होता. संघराज्य झाल्यावर १९०२ मध्ये सिनेटचे सदस्य स्वतःच पाहणीला निघाले, पाठोपाठ प्रतिनिधिगृहाचे सदस्यही निघाले. १९०३ मध्ये एक शाही आयोग नेमला गेला. त्याच वर्षी मतदान झाले, तर प्रतिनिधिगृहाने ट्युमट निवडले आणि सिनेटने बॉम्बाला. दोन्ही सभागृहे हटून बसली आणि विधेयक बारगळले.

१९०४ मध्ये एकदाचे एकमत झाले आणि स्नोई नदीच्या काठच्या डॅल्गेटी या गावाची निवड करणारा कायदा मंजूर झाला. खरे तर येथे विषय संपायला हवा होता. पण डॅल्गेटी व्हिक्टोरियाच्या सीमेला जवळ आणि सिडनीला लांब. न्यू साउथ वेल्सच्या सरकारने जमीन देण्यास टाळाटाळ केली आणि प्रकरण चार वर्षे तसेच भिजत पडले. थंड हवेच्या मुद्द्यावरही तेव्हा कमालीच्या गांभीर्याने वाद झाले. किंग ओ'मॅली नावाचे एक खासदार होते (किंग ही पदवी नव्हे, ते त्यांचे पहिले नाव), त्यांचे ठाम मत असे, की जगातली कर्तबगार माणसे थंड प्रदेशातच निपजतात, म्हणून राजधानीही थंड डोंगराळ भागातच हवी.

अखेर १९०८ मध्ये नव्याने मतदान झाले. प्रतिनिधिगृहात अंतिम फेरीत 'यास-कॅनबेरा' या परिसराला ३९ आणि डॅल्गेटीला ३३ मते पडली. सिनेटमध्ये तर निकाल एका मताच्या इकडेतिकडे होण्यावर आला होता. तेथे १९ विरुद्ध १७ असा कौल लागला. डिसेंबर १९०८ मध्ये कायदा झाला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या कायद्याने गाव निवडले नव्हते, एक विस्तीर्ण टापू निवडला होता.

त्या टापूतून नेमके हे खोरे कोणी निवडले?

चार्ल्स स्क्रिव्हेनर या सरकारी मोजणी अधिकाऱ्याने. गृहव्यवहारमंत्री ह्यू महॉन यांनी त्यांना दिलेल्या सूचना वाचल्या तर मोजणीदाराला क्वचितच अशा भाषेत आदेश मिळत असेल असे वाटते: शहर देखणे असावे, उठावदार जागी असावे, तेथून दूरवरचा देखावा दिसावा, आणि पाणी भरपूर असावे. स्क्रिव्हेनर यांनी १९०९ च्या आरंभी पाहणी करून मोलाँग्लो नदीच्या खोऱ्याची शिफारस केली. टेकड्यांनी केलेले अर्धवर्तुळ, दक्षिण आणि पश्चिमेच्या बोचऱ्या वाऱ्यांपासून आडोसा, नदी अडवून शोभेचा तलाव करण्याची सोय आणि पिण्याच्या पाण्यासाठी जवळच कॉटर नदी, ही त्यांची कारणे होती.

कॉटर नदीमुळेच प्रदेशाचा नकाशा असा वेडावाकडा झाला. शहराचे पाणी दुसऱ्या सरकारच्या हातात राहू नये म्हणून नदीचे पाणलोट क्षेत्र संघराज्याच्या हद्दीत घेतले गेले आणि सीमा पुष्कळ ठिकाणी डोंगरमाथ्यावरून, पाणी जेथून दोन बाजूंना वाहते त्या रेषेवरून आखली गेली. पर्सी शीफ, हॅरी मूअट आणि फ्रेडी जॉन्स्टन या मोजणीदारांनी १९१० ते १९१५ या काळात ती रेषा जमिनीवर उतरवली. घटनेने किमान १०० चौरस मैल सांगितले होते. प्रत्यक्षात सुमारे ९०० चौरस मैल, म्हणजे जवळजवळ २,३६० चौरस किलोमीटर जमीन मिळाली. १ जानेवारी १९११ रोजी ती रीतसर संघराज्याच्या ताब्यात आली.

तेव्हा तेथे कोणीच राहत नव्हते का?

राहत होते. हजारो वर्षांपासून हा मूळ रहिवाशांचा प्रदेश आहे. नन्नावल आणि नॅम्ब्री ही नावे त्यासंदर्भात घेतली जातात आणि या भूमीचे परंपरागत मालक कोणाला म्हणावे यावर त्यांच्यात आजही वाद आहे. १८२० मध्ये चार्ल्स थ्रॉस्बी स्मिथ, जोसेफ वाइल्ड आणि जेम्स व्हॉन हे युरोपीय येथे पोहोचले. चुनखडीच्या खडकांमुळे गोरे लोक या भागाला 'लाइमस्टोन प्लेन्स', म्हणजे चुनखडीचे माळ, म्हणू लागले. पुढे मेंढपाळी आली. रॉबर्ट कॅम्पबेल यांची डन्ट्रून ही जहागीर १८२५ पासूनची. १९११ च्या जनगणनेत संपूर्ण राजधानी प्रदेशात १,७१४ माणसे मोजली गेली, आणि मेंढ्या त्यांच्या कित्येक पट होत्या. मात्र त्या आकड्यावरून मूळ रहिवाशांचा अंदाज बांधू नये. घटनेच्या १२७ व्या कलमामुळे त्या काळी त्यांना लोकसंख्येच्या अधिकृत हिशेबात धरतच नसत, आणि ते कलम १९६७ च्या सार्वमतानंतरच काढले गेले.

'कॅनबेरा' हा शब्द आला कोठून?

राजधानीला हे नाव १९१३ मध्ये 'दिले' असे सगळीकडे लिहिलेले असते. ते चुकीचे नाही, पण फसवे आहे, कारण नाव त्याआधी जवळजवळ नव्वद वर्षे वापरात होते.

जोशुआ जॉन मूर यांनी १८२० च्या दशकाच्या पूर्वार्धात येथे पहिली मेंढवाडी उभी केली. ते स्वतः येथे कधीच राहिले नाहीत. माणसे ठेवून कारभार चालवत. डिसेंबर १८२६ मध्ये त्यांनी सरकारकडे जमीन विकत मागणारे पत्र पाठवले, त्यात जागेचे नाव 'कॅनबेरी' असे लिहिले आहे. आसपासच्या मूळ रहिवाशांच्या तोंडचे नाव ऐकून त्यांनी ते आपल्या कानाला जसे वाटले तसे उतरवले, असाच बहुतेकांचा निष्कर्ष आहे. पुढच्या काळातील कागदपत्रांत कॅनबरी, कॅम्बेरी, केम्बेरी, कॅम्बेरा अशी कितीतरी रूपे सापडतात. लिहिणारा प्रत्येक कारकून आपल्या परीने बरोबरच होता.

पुढे एक गमतीदार उलटफेर झाला. १८४३ मध्ये आर्थर जेफ्रीज यांनी मूर यांची मालमत्ता विकत घेतली आणि तिचे नाव बदलून ॲक्टन ठेवले. म्हणजे ज्या वाडीवरून नाव पसरले, त्या वाडीनेच ते टाकून दिले. पण तोवर ते आजूबाजूच्या परिसराला चिकटले होते. गावकऱ्यांच्या बोलण्यात ते होते, जवळच्या सेंट जॉन चर्चच्या परगण्याला ते होते, आणि १८६३ मध्ये येथे डाकघर उघडले तेव्हा त्याच्यावरही 'कॅनबेरा' हेच नाव आले. संसदेत राजधानीवरून मते पडत होती त्याच्या कितीतरी आधीपासून या नावाच्या पत्त्यावर पत्रे येत-जात होती. १९०८ च्या कायद्यातला 'यास-कॅनबेरा' हा जोडशब्दही या स्थानिक नावावरूनच आला.

या नावाचा अर्थ 'भेटीची जागा' असा आहे ना?

सर्वांत जास्त सांगितला जाणारा अर्थ तोच आहे. उन्हाळ्यात बोगोंग नावाचे पतंग या डोंगरांत लाखोंच्या संख्येने येतात आणि ते खाण्यासाठी निरनिराळे समूह येथे जमत, ही माहिती त्या अर्थाला जोडून सांगतात. पतंगांची आणि मेळाव्यांची गोष्ट खरी आहे. पण शब्दाचा अर्थ त्यावरून सिद्ध होत नाही.

दुसरा अर्थ शरीराच्या उपमेचा आहे: माउंट एन्सली आणि ब्लॅक माउंटन या दोन डोंगरांमधली सखल जागा म्हणजे स्त्रीच्या स्तनांमधली जागा. हाही अर्थ एकोणिसाव्या शतकापासून सांगितला जातो. नॅम्ब्री लोकांच्या म्हणण्यानुसार हे त्यांच्याच समूहाचे नाव आहे आणि इंग्रजांनी त्याचे रूप बदलले. काहींनी तर ते क्रॅनबेरी या फळाच्या नावाशीही जोडून पाहिले आहे. त्यात फारसा दम नाही.

प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर 'भेटीची जागा' हा अर्थ राजधानीच्या दृष्टीने जरा जास्तच सोयीचा आहे. देशभरातले प्रतिनिधी जेथे भेटतात त्या शहराच्या नावाचा अर्थच 'भेटीची जागा' निघावा, हे इतके नेमके बसते की त्याकडे थोडे सावधपणे पाहिलेले बरे. ज्यांची ही भाषा होती त्यांना नीट विचारून अर्थ वेळीच टिपून ठेवला गेला नाही, आणि आज त्या जागी तीन-चार दावे उभे आहेत.

नावासाठी आणखी कोणत्या सूचना आल्या होत्या?

सुमारे ७५० सूचना आल्या होत्या आणि त्यांची यादी म्हणजे निखळ करमणूक आहे. सर्व राज्यांना खूश ठेवण्यासाठी कोणी सिडनी, मेलबर्न, ॲडलेड, पर्थ, ब्रिस्बेन आणि होबार्ट यांची आद्याक्षरे एकत्र कोंबून 'सिडमेलॲडपर्ब्रिशो' असे नाव तयार केले होते. कांगारू आणि एमू यांच्यापासून 'कांगारेमू', निलगिरीच्या झाडावरून 'युकॅलिप्टा', आणि देशाचे उत्पन्न काय हे एका दमात सांगणारे 'व्हीटवूलगोल्ड', म्हणजे गहू-लोकर-सोने, ही आणखी काही. 'शेक्सपिअर' आणि 'ऑलिंपस' हीसुद्धा सूचनांत होती. 'मायोला' हे नाव ठरल्यात जमा असल्याची बोलवा काही काळ होती.

एवढ्या गर्दीतून मंत्रिमंडळाने जे नाव उचलले ते कोणीही नव्याने घडवलेले नव्हते. गेली काही वर्षे वर्तमानपत्रे आणि खासदार ज्या नावाने या जागेविषयी बोलत होते, तेच ठेवले गेले. वापरात रुळलेल्या नावाला हटवणे सोपे नसते.

१२ मार्च १९१३ रोजी नेमके काय घडले?

त्या दिवशी कुराजाँग टेकडीवर, जिला आज कॅपिटल हिल म्हणतात, हजारो लोक जमले होते. शहर म्हणावे असे तेथे काहीही नव्हते: गवताळ टेकडी, तंबू, घोडदळाच्या तुकड्या आणि मध्यभागी एक मंडप. सुरुवातीला पायाभरणीचे तीन दगड बसवण्यात आले. एक गव्हर्नर-जनरल लॉर्ड डेनमन यांनी, एक पंतप्रधान अँड्र्यू फिशर यांनी आणि एक गृहव्यवहारमंत्री किंग ओ'मॅली यांनी. थंड हवेचा आग्रह धरणारे तेच हे ओ'मॅली. ज्या जागेला त्यांची पसंती नव्हती तेथेच शहर उभारण्याचे काम त्यांच्या खात्याकडे आले होते. याच्या तीन आठवडे आधी, २० फेब्रुवारीला, आखणीची पहिली खुंटी त्यांनीच ठोकली होती.

नाव तोपर्यंत अधिकृतपणे गुप्त होते. मध्यान्हाच्या सुमारास गव्हर्नर-जनरल यांच्या पत्नी लेडी गर्ट्रूड डेनमन पुढे आल्या. त्या तेव्हा २८ वर्षांच्या होत्या. त्यांच्या हाती सोन्याची एक चपटी सिगारेटची डबी देण्यात आली. त्यांनी ती उघडून आतले कार्ड काढले आणि ऑस्ट्रेलियाच्या राजधानीचे नाव 'कॅनबेरा' असल्याचे जाहीर केले. त्यानंतर तोफांची सलामी झाली. नाव जपून आणण्यासाठी सिगारेटची डबीच का, याचे नवल आजच्या वाचकाला वाटेल. त्या काळच्या उच्चभ्रू वर्तुळात अशी डबी म्हणजे मानाची भेटवस्तू असे.

योगायोग असा, की त्याच परिसरातल्या सेंट जॉन चर्चचे धर्मार्पण १२ मार्च १८४५ रोजी, म्हणजे याच तारखेला ६८ वर्षे आधी झाले होते. मार्च महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी तेथे 'कॅनबेरा दिन' म्हणून सार्वजनिक सुट्टी असते, ती नामकरणाच्या स्मरणार्थ.

बरोबर उच्चार कोणता: 'कॅनबेरा' की 'कॅनब्रा'?

मराठीत 'कॅनबेरा' हे रूप रूढ आहे आणि लेखनात ते वापरण्यात काहीच गैर नाही. स्थानिक लोक मात्र पहिल्या अक्षरावर जोर देतात आणि मधला स्वर जवळजवळ गिळून टाकतात, त्यामुळे ऐकताना ते 'कॅन्ब्रा'सारखे वाटते. लेडी डेनमन यांनी घोषणा करताना पहिल्या अक्षरावर जोर दिला आणि तोच उच्चार टिकला, असे परंपरेने सांगितले जाते. त्याआधी 'बे'वर जोर देणारेही पुष्कळ होते. मराठी रूप ऐकण्यावरून आलेले नसून इंग्रजी अक्षरे वाचून आलेले आहे, हे उघड दिसते.

शहराचा आराखडा कोणाचा?

वॉल्टर बर्ली ग्रिफिन आणि मॅरियन महोनी ग्रिफिन या शिकागोच्या वास्तुविशारद दांपत्याचा. ऑस्ट्रेलिया सरकारने १९११ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली. अंतिम निर्णय तज्ज्ञांऐवजी मंत्र्याच्या हाती असणार या अटीमुळे ब्रिटनमधील वास्तुविशारदांच्या संस्थेने तीवर बहिष्कार टाकला. तरी १३७ आराखडे आले. स्पर्धकांना नकाशे पुरवले होते, आणि ग्रिफिन दांपत्याने जागा डोळ्यांनी न पाहता, त्या नकाशांवरच्या उंचीच्या रेषा वाचून आपले शहर रचले.

मे १९१२ मध्ये निकाल लागला. ग्रिफिन पहिले, फिनलंडचे एलिएल सारिनेन दुसरे आणि फ्रान्सचे आल्फ्रेड अगाश तिसरे. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष जॉन कोन यांचे मत वेगळे होते. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्याच एका आराखड्याला पसंती दिली होती. पहिले बक्षीस १,७५० पौंडांचे होते.

विजयाचे श्रेय बराच काळ एकट्या वॉल्टर यांना दिले गेले. पण परीक्षकांसमोर जी चित्रे ठेवली गेली ती मॅरियन यांच्या हातची होती: लांबलचक पट्ट्यांवर संध्याकाळच्या उजेडासारख्या तांबूस-सोनेरी रंगांत रंगवलेले डोंगर, त्यांच्या पायथ्याशी पाणी आणि पाण्यापलीकडे पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या इमारती. कोरड्या रेषांच्या आराखड्यांच्या ढिगात ही चित्रे उठून दिसली नसती तरच नवल. आज ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

आराखड्याचे मर्म असे, की डोंगर सपाट करून शहर बसवण्याऐवजी डोंगरांनाच शहराच्या रेषांचे टोक केले. माउंट एन्सलीपासून कॅपिटल हिलवरून दूरच्या बिम्बेरी शिखराकडे जाणारी एक रेषा जमिनीची; तिला काटकोनात छेदणारी, ब्लॅक माउंटनपासून निघणारी दुसरी रेषा पाण्याची. सरकारी इमारती या दोन रेषांवर उभ्या राहणाऱ्या त्रिकोणात.

ग्रिफिन यांचे पुढे काय झाले?

त्यांना मनासारखे काम करू दिले गेले नाही. सरकारी खात्याने आधी त्यांचा आराखडा बाजूला ठेवून इतर आराखड्यांतले तुकडे जोडून आपलाच एक तयार केला होता. त्यावर टीका झाल्यावर १९१३ मध्ये ग्रिफिन यांना बोलावून पद दिले गेले. त्यानंतरची वर्षे खात्याशी कुरबुरी, पहिले महायुद्ध आणि पैशांची चणचण यांत गेली. १९२० च्या अखेरीस ते बाजूला झाले. त्यांच्या रस्त्यांची आखणी १९२५ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध होऊन कायम झाली, पण ते स्वतः तेव्हा त्या कामात नव्हते.

पुढे कामानिमित्त ते भारतात आले आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये लखनौ येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दफनही लखनौलाच झाले. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीचा शिल्पकार उत्तर प्रदेशात चिरविश्रांती घेत आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते.

तेथे दारूबंदी होती हे खरे आहे का?

होय. ओ'मॅली कट्टर दारूविरोधी होते आणि राजधानी प्रदेशात दारूविक्रीचे नवे परवाने बंद करण्यात आले. लोक हद्द ओलांडून शेजारच्या क्वीनबियन गावात जात. १९२८ मध्ये रहिवाशांचे मत घेऊन ही बंदी उठवली गेली. आज शहराच्या मध्यभागी ओ'मॅली यांच्याच नावाचा एक पब, म्हणजे दारूचा गुत्ता, आहे.

तेथील जमीन विकत घेता येते का?

मालकी हक्काने नाही. १९१० च्या कायद्याने सरकारी जमिनीची कायमची विक्री बंद केली, म्हणून घरे सामान्यतः ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात. राजधानीमुळे वाढणारे जमिनीचे मोल सट्टेबाजांच्या खिशात न जाता सरकारकडे यावे, हा हेतू होता.

कॅनबेरा प्रत्यक्षात राजधानी कधीपासून झाले?

९ मे १९२७ रोजी, जेव्हा यॉर्कचे ड्यूक (पुढचे राजे सहावे जॉर्ज) यांनी तेथील संसद भवनाचे उद्घाटन केले. प्रसिद्ध गायिका नेली मेल्बा यांनी राष्ट्रगीत गायले. जॉन स्मिथ मर्डॉक यांनी रचलेली ती पांढरी, बुटकी इमारत अधिकृतपणे 'तात्पुरती' होती. संसद तेथे १९८८ पर्यंत भरत राहिली. तारीखही मुद्दाम निवडलेली होती, कारण संघराज्याची पहिली संसद ९ मे १९०१ रोजी मेलबर्नमध्ये सुरू झाली होती. राणी एलिझाबेथ यांनी नव्या संसद भवनाचे उद्घाटन केले तेही ९ मे १९८८ रोजी.

१९२७ च्या त्या सोहळ्यात मूळ रहिवाशांना आमंत्रण नव्हते. तरी विराजुरी समूहाचे जिमी क्लेमेंट्स हे वृद्ध गृहस्थ ब्रंगल या वस्तीतून डोंगर पार करून पायी आले. जुना कोट, अनवाणी पाय, सोबत कुत्रे. पोलिसाने त्यांना निघून जायला सांगितले, तेव्हा गर्दीतले लोकच त्यांच्या बाजूने ओरडू लागले आणि ते जागेवरून हलले नाहीत. पुढे ड्यूक आणि डचेस यांच्याशी त्यांची भेटही झाली.

'राजधानी प्रदेश' आणि तलाव यांची नावे कधी पडली?

प्रदेशाचे मूळ नाव 'फेडरल कॅपिटल टेरिटरी' होते. १९३८ मध्ये ते 'ऑस्ट्रेलियन कॅपिटल टेरिटरी' झाले. ग्रिफिन यांच्या आराखड्यातला तलाव मात्र कागदावरच राहिला होता. पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस यांनी नेट लावल्यामुळे १९६० च्या दशकात मोलाँग्लो नदी अडवण्यात आली, १९६४ मध्ये तलाव भरला आणि त्याला 'लेक बर्ली ग्रिफिन' नाव मिळाले. आडनाव ग्रिफिन एवढेच. बर्ली हे मधले नाव. त्यामुळे तलावाचे नाव काटेकोरपणे पाहता चुकलेलेच आहे, पण आता ते बदलण्याची कोणाला गरज वाटत नाही. तलावाच्या धरणाला स्क्रिव्हेनर यांचे नाव आहे.

उपनगरांची नावे कशी ठेवली गेली?

१९२० च्या दशकाच्या अखेरीस एका राष्ट्रीय समितीने धोरण ठरवले. संघराज्य घडवणाऱ्या नेत्यांची आणि माजी पंतप्रधानांची नावे उपनगरांना मिळाली: बार्टन, डीकिन, रीड, फॉरेस्ट, पार्क्स. एन्सली आणि यारालुम्ला यांसारखी जुनी स्थानिक नावेही राखली गेली. शिवाय प्रत्येक उपनगरातील रस्त्यांच्या नावांना एकच सूत्र असते. कॅपिटल हिलभोवतालच्या मार्गांना राज्यांच्या राजधान्यांची नावे आहेत, म्हणजे 'सिडमेलॲडपर्ब्रिशो' सुचवणाऱ्याची इच्छा एका अर्थी पुरी झाली, फक्त आद्याक्षरे सुटी ठेवून.

नामकरणाच्या दिवशी बसवलेल्या दगडांवर काय उभे राहिले?

काहीही नाही. त्यांवर 'आरंभस्तंभ' नावाचे स्मारक उभारायचे होते. दीड वर्षाच्या आत महायुद्ध सुरू झाले आणि स्तंभ कधीच झाला नाही; तिन्ही दगड टेकडीवर तसेच राहिले. १९८० च्या दशकात त्याच टेकडीच्या पोटात नवे संसद भवन बांधायला घेतले, तेव्हा ते तेथून हलवावे लागले. आता ते संसद भवनासमोरच्या हिरवळीवर आहेत.